पांढऱ्या पेशी भरपूर, मग जखम का भरत नाही?

(वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या डॉक्टरबाईंनी सांगलीत छत्तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅब चालवली. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत, नावं वगळली आहेत.)

प्रश्न : डॉक्टर मॅडमना नमस्कार. माझा नातू साडेतीन महिन्यांचा आहे. बारसं झालं तरी त्याची नाळ पडली नव्हती. ती पडली पस्तिसाव्या दिवशी. मग बेंबी लालभडक झाली, चिघळली, पण पू म्हणून आला नाही. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी ६८ हजार. मिरजेच्या डॉक्टरांना आधी ब्लड कॅन्सरची शंका आली. मग मुंबईला रक्त पाठवलं. एका कागदावर लिहिलंय ‘सीडी १८ : ०.७ टक्के’ आणि दुसऱ्यावर ‘आयटीजीबी २, होमोझायगस’. बोन मॅरो बदलावा लागेल म्हणतात. सून माझ्या सख्ख्या भावाची मुलगी. तिची पहिली मुलगी चौथ्या महिन्यात न्यूमोनियानं गेली. आता घरात जो तो म्हणतो, पोरीच्या रक्तातच खोट आहे. माझ्याही मनात येतं, खोटं कशाला बोलू? भावानं येणं-जाणं बंद केलंय. पेशी एवढ्या असून कामाला का येत नाहीत? हा दोष सुनेच्या माहेरचा का? आणि मुलाच्या हाडातला मगज काढला तर तो पुढं शेतीचं काम करू शकेल का?
— एक आजी, जत तालुका

उत्तर : ताई, आधी तातडीचं. बाळाला ताप आला, ते अंगावर ओढेनासं झालं किंवा कुठं लाल चट्टा उठला, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच निघा. पू दिसत नाही म्हणजे जंतू नाहीत, असं या बाळाच्या बाबतीत धरायचं नाही. बेंबीवर हळद, राख, तेल काही लावू नका. आणि पुढची कुठलीही लस, अगदी पोलिओचे दोन थेंबसुद्धा, बाळाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. दोन्ही रिपोर्टांच्या झेरॉक्स काढून एक आशाताईंकडे देऊन ठेवा.

आता पेशींचं. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, तेव्हा आम्ही पहिल्या मजल्यावर अडकलो होतो. तिसऱ्या दिवशी दुधाच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन एक होडी गल्लीत आली. आम्ही बाल्कनीत उभे, होडी समोर दहा हातांवर, आणि तरी ती तीनदा पुढं वाहून गेली. धारेला ओढच तशी होती. चौथ्या खेपेला एका पोरानं दोर फेकून आमच्या बाल्कनीच्या गजाला अडकवला. होडी गर्रकन वळली, भिंतीला लागली आणि पोरगा पिशव्या घेऊन आत चढला. माल होता, माणसं होती, घर डोळ्यांसमोर होतं. अडलं होतं ते दोरापाशी.

तुमच्या नातवाच्या पांढऱ्या पेशींकडं हा दोर नाही. या आजाराला ल्युकोसाइट अ‍ॅडहिजन डेफिशियन्सी, थोडक्यात एलएडी म्हणतात, म्हणजे पांढऱ्या पेशींना भिंतीला चिकटता न येणं.

न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्ताच्या धारेत वाहत असतात. बेंबीपाशी जंतू शिरले की तिथल्या रक्तवाहिनीची आतली भिंत थोडी चिकट होते. जवळून जाणारी पेशी त्या चिकटपणाला लागून हळू होते आणि भिंतीवरून गडगडत पुढं जाते. नुसतं गडगडून भागत नाही, तिला थांबायचं असतं. त्यासाठी तिच्या अंगावर इंटिग्रिन नावाचे आकडे, म्हणजे हूक, असतात. एरवी ते मिटलेले असतात, म्हणजे पेशी उगाच कुठंही अडकत नाही. जंतूंच्या जागेहून रासायनिक सांगावा आला की ते ताठ होतात आणि भिंत पकडतात. मग पेशी चपटी होते, भिंतीतल्या दोन पेशींच्या फटीतून अंग आखडून बाहेर पडते आणि मांसातून सरपटत जंतूंपर्यंत जाते. मिनिटाला दहा-वीस मायक्रॉन, म्हणजे फार तर तिच्या स्वतःच्या लांबीएवढं. तिला ते पुरतं.

या आकड्याचा एक भाग म्हणजे तुमच्या रिपोर्टातला सीडी १८. तो कसा घडवायचा याची कृती २१व्या गुणसूत्रावरच्या आयटीजीबी २ या जनुकात लिहिलेली असते. सीडी १८ एकटा काम करत नाही, त्याची सीडी ११ जातीच्या जोडीदाराशी जोडी जमावी लागते. सीडी १८ नसला की जोडीदारही पेशीच्या पृष्ठभागावर पोचत नाही. एक जनुक बिघडतं आणि चार प्रकारच्या जोड्या मोडतात त्या अशा. ०.७ टक्के म्हणजे आकडे जवळजवळ नाहीतच. दोन टक्क्यांच्या खालचा आजार तीव्र धरतात, आणि बोन मॅरोची घाई डॉक्टर त्यासाठीच करतायत.

आता तुमच्या ६८ हजारांचा उलगडा होईल. पेशी कमी नाहीत, त्यांना उतरायला घाट नाही. तिकडं जंतू वाढतायत म्हणून हाडांतला मगज आणखी पेशी सोडत राहतो आणि सगळ्या धारेतच फिरतात. पू म्हणजे तरी काय? जखमेपर्यंत पोचून मेलेल्या याच पेशींचा लगदा. पोचल्याच नाहीत तर पू कुठला? नाळेचंही तसंच. वाळलेली नाळ बुडाशी सुटी व्हायला याच पेशी तिथं जमाव्या लागतात. उशिरा पडणारी नाळ, अंगभर जंतुसंसर्ग आणि न हलणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी या तीन गोष्टी डॉक्टरांनी एकत्र मांडल्या १९७९ साली, ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात. आकड्याचा शोध लागला तो त्यानंतर. दहा लाख जन्मांत एखादं बाळ, इतका हा आजार विरळा.

विरळा म्हणून सुटतो. माझ्याकडूनही सुटला. १९९१ किंवा ९२ असेल. तासगावकडच्या एका दीड वर्षाच्या मुलाचं रक्त माझ्या लॅबमध्ये आलं. पायाला पत्रा लागलेली जखम दोन महिने भरत नव्हती. काऊंट ८२ हजार आला. मोजताना चूक झाली वाटून मी पुन्हा मोजला, तरी तेवढाच. लीशमन स्टेननं पेशी रंगवून स्लाइड लावली तर न्यूट्रोफिल नुसते खच्चून भरलेले, सगळे पक्के, पाच-पाच पाकळ्यांच्या केंद्रकाचे. कॅन्सरच्या कच्च्या पेशी एकही नाहीत. मी रिपोर्टात ‘ल्युकेमॉइड रिअ‍ॅक्शन’ लिहिलं, म्हणजे कॅन्सरसारखा दिसणारा पण कॅन्सर नसलेला काऊंट, आणि पुढची स्लाइड घेतली. जखमेचा स्वॅबही आला होता. त्यात जंतू होते आणि पांढऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्या. रक्तात ८२ हजार आणि जखमेत शून्य. दोन्ही कागद माझ्याच टेबलावर होते, मी ते शेजारी ठेवून वाचले नाहीत. पोर गेल्याचं महिन्याभरानं कळलं. हा आजार पुस्तकातून मला कळला तो आणखी चार वर्षांनी, आणि वाचता वाचता ती स्लाइड डोळ्यांसमोर आली. त्या काळी इथं सीडी १८ची तपासणी होत नव्हती हे खरं. पण निदान शंका तरी लिहिता आली असती. तुमच्या डॉक्टरांनी ती घेतली, त्यांना माझा नमस्कार सांगा.

आता माहेरचं. ताई, सुनेचं माहेर म्हणजे तुमचंच माहेर.

राग मानू नका, कागद तसं सांगतो. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडं दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. आयटीजीबी २ची एक प्रत बिघडली तरी दुसरीवर काम चालतं. असा माणूस ठणठणीत असतो, त्याला वाहक म्हणतात. होमोझायगस म्हणजे बाळाच्या दोन्ही प्रतींत बिघाड आहे आणि तो अगदी एकाच जागी, एकच. दोन निरनिराळ्या वह्यांत नेमकी तीच चूक त्याच ओळीत सापडली, तर ती एकाच जुन्या वहीतून उतरवून घेतलेली असते. तुमच्या घरात ती जुनी वही म्हणजे तुमची आई किंवा वडील. दोघांपैकी एकाकडून ही प्रत तुमच्याकडं आली, तशीच तुमच्या भावाकडं गेली. तुमच्याकडून मुलाला, भावाकडून सुनेला. नातवात दोन्ही वाटा पुन्हा एकत्र आल्या. म्हणजे जवळजवळ नक्की तुम्हीही वाहक आहात. खात्री हवी असेल तर तुमचं रक्त द्या, कळेल. सुनेच्या रक्तात जेवढी खोट आहे तेवढीच तुमच्या मुलाच्या आणि तुमच्याही. आणि तुम्हाला तरी ती कुठं ठाऊक होती? ती पोरगी तुम्हाला आत्या म्हणत मोठी झाली. तिचं एक लेकरू गेलंय, दुसरं सलाईनवर आहे. घरात बोलणाऱ्यांना गप्प करायचा अधिकार तुमचाच आहे. भावाला फोनही तुम्हीच करायचा. त्यानं करायची वाट बघू नका.

मामाची मुलगी करायची आपल्याकडची रीत जुनी आहे. माझी आईसुद्धा आत्याच्या घरी दिलेली, आम्ही पाचही भावंडं धडधाकट आहोत. त्यामुळं मी काही भाषण देणार नाही. हिशेब एवढाच की एरवी शंभरात दोन-तीन बाळांत जन्मजात दोष निघतो. आते-मामेभावंडांच्या लग्नात हे प्रमाण साधारण दुप्पट होतं. बहुतेकांचं काही बिघडत नाही. पण ज्या घरात असा बिघाड सापडला आहे, त्या घरात पुढचं नात्यातलं लग्न रक्त तपासल्याशिवाय करू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या इतर भावंडांना आणि त्यांच्या लग्नाच्या मुलांना हे कळवा.

बोन मॅरोचं काय? या पेशी मगजात तयार होतात, म्हणून आकडे असलेल्या पेशी बनवणारा दुसऱ्याचा मगज बाळाला द्यायचा. तीव्र आजारात ते केलं नाही तर बरीच मुलं दोन वर्षांची होत नाहीत. तुमच्यापासून हे लपवून उपयोग नाही. केल्यावर काय होतं, तेही ऐका. १४ देशांतल्या ३३ केंद्रांत २००७ ते २०१७ या काळात हा आणि याच्या जवळचा एक प्रकार असलेल्या ८४ रुग्णांवर पहिलं प्रत्यारोपण झालं. तीन वर्षांनी जिवंत राहण्याचं प्रमाण ८३ टक्के होतं, आणि तेरा महिन्यांच्या आत केलेल्यांचं अधिक चांगलं. तुमचं बाळ साडेतीन महिन्यांचं आहे, म्हणजे वेळ तुमच्या बाजूनं आहे. तो नवस आणि अंगारे-धुपाऱ्यांत घालवू नका. नवस बोलायचा तर दवाखान्याच्या वाटेवर बोला.

द्यायला सगळ्यांत चांगलं म्हणजे जुळणारं सख्खं भावंड. इथं ते नाही. मग नोंदणी केलेला परका दाता बघतात, नाहीतर निम्मे जुळणारे आई-वडील. तुमचा मुलगा वाहक आहे म्हणून तो देऊ शकत नाही असं नाही, वाहकाच्या पेशींना पुरेसे आकडे असतात. त्याला भूल देऊन कमरेमागच्या हाडातून सुईनं मगज काढतात. दुसरी पद्धत म्हणजे काही दिवस इंजेक्शनं देऊन दंडातून रक्त मशीनमध्ये फिरवतात, हव्या त्या पेशी काढून घेतात आणि उरलेलं रक्त परत सोडतात. हाड कापत नाहीत. काढलेला मगज काही आठवड्यांत भरून येतो. थोडे दिवस कंबर दुखेल. तेवढ्या दिवसांत बागेच्या छाटणीला दुसरा माणूस बघा, बाकी चिंता नको. सोसावं लागणार ते बाळाला. आधी केमो देऊन त्याचा जुना मगज रिकामा करतात. त्यानंतर कित्येक आठवडे ते वेगळ्या खोलीत राहील. भेटायला येणाऱ्या पाहुण्यांना तिथं नाही म्हणणारं माणूस लागतं. ते तुम्ही व्हा.

पैशांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मला कळतं. मुंबईत परळचं केईएम रुग्णालय दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणातलं केंद्र आहे. अशा केंद्रांतून ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. कोणत्या आजाराला किती ते तिथली समिती ठरवते, तेव्हा अर्ज करून विचारावं लागेल. त्याच आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, तिथं या आजारांची जाणकार माणसं आहेत. जाताना पहिल्या मुलीचे कागदही न्या, जुना डिस्चार्ज कार्डाचा तुकडा असला तरी चालेल. तिलाही हेच होतं असं मला वाटतं, पण रक्त हाती नसताना ते छातीठोकपणे कुणी सांगू नये.

परदेशात एक वेगळा उपाय आजमावलाय. बाळाच्याच मगजातल्या पेशी बाहेर काढून त्यांत आयटीजीबी २ची चांगली प्रत बसवायची आणि पेशी परत द्यायच्या. दात्याची गरज नाही. अशा नऊ मुलांवर चाचणी झाली आणि वर्षानंतर नऊही जिवंत होती. तुमच्यासाठी मात्र आज हातात असलेला उपाय प्रत्यारोपणाचाच.

पुढच्या बाळाबद्दल : दर खेपेला चारात एक धोका, तोही प्रत्येक खेपेला नव्यानं. एक गेलं, एक आजारी, म्हणून पुढची दोन चांगली असा हिशेब नाही. दिवस राहिले की लगेच कळवा. अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा बारीकसा तुकडा घेऊन आधीच सांगता येतं. त्यासाठी नातवाचा जनुकाचा कागद जपून ठेवावा लागतो. तो लॅमिनेट करू नका, पुढं शिक्के बसत नाहीत.

प्रश्न : आमच्याकडं सहा एचएफ गायी आहेत. कांडी भरायला येणाऱ्या डॉक्टरांनी वळूंची यादी दाखवली. त्यात नावापुढं ‘टीएल’ आणि खाली ‘बीएलएडी मुक्त’ असं होतं. हा कुठला रोग? दुधातून माणसाला होतो का?
— दूध उत्पादक, वाळवा तालुका

उत्तर : तुमचं पत्र उन्हाळ्यापासून माझ्याकडं पडून होतं. मी माणसांची डॉक्टर, गायींचं काय सांगू म्हणून बाजूला ठेवलं होतं. जतच्या आजींचं पत्र आलं आणि ते पुन्हा काढलं, कारण रोग तोच आहे. बीएलएडी म्हणजे बोव्हाइन एलएडी, गायीगुरांतला एलएडी. जनुकही तेच, आयटीजीबी २, फक्त गायीतलं.

ऑसबॉर्नडेल आयव्हानहो नावाचा एक होल्स्टीन, म्हणजे तुमच्या एचएफ जातीचा, वळू अमेरिकेत १९५२ साली जन्मला. त्याच्या लेकी दुधाला चांगल्या निघाल्या, म्हणून कृत्रिम रेतनानं त्याची बीजं जगभर गेली. त्याच्या सीडी १८मध्ये १२८व्या जागेवर एका अमिनो आम्लाऐवजी दुसरं होतं. एकच प्रत बिघडलेली, त्यामुळं वळू स्वतः धट्टाकट्टा. पुढं त्याचे नातू-पणतू वळू त्याच्याच नाती-पणतींना लागले, आणि दोन्हीकडून बिघडलेली प्रत मिळालेली वासरं जन्मू लागली. तोंडात फोड, हिरड्या सडलेल्या, दात हलणारे, सारखी हगवण, वाढ खुंटलेली. बहुतेक वर्षाच्या आत मरायची. १९९२ साली नेमका बिघाड सापडला, तेव्हा अमेरिकेतल्या होल्स्टीन वळूंपैकी सुमारे १५ टक्के आणि गायींपैकी ६ टक्के वाहक निघाल्या. सगळ्यांची वंशावळ त्या एका वळूशी पोचत होती.

मग रक्ताची तपासणी निघाली आणि वाहक वळू काढून टाकले गेले. टीएल म्हणजे तपासलेला आणि मुक्त. बीएल लिहिलं असेल तर वाहक. आपल्याकडंही वीर्यकेंद्रावरच्या एचएफ आणि संकरित वळूंची ही तपासणी सक्तीची आहे. यादीत टीएल बघून कांडी घ्या आणि पावती ठेवा. गावातला मोकळा वळू लावू नका, त्याची आजी कोण हे कुणालाच माहीत नसतं. दुधातून हा रोग माणसालाच काय, वासरालाही होत नाही.

जतच्या आजींच्या घरी मी हे उदाहरण सांगणार नाही, ऐकायला बरं वाटत नाही. पण आपण वळूचं रक्त बघतो आणि नवरदेवाची पत्रिका, हे मनात आल्याशिवाय राहिलं नाही.

प्रश्न : माझ्या मुलीची नाळ एकोणिसाव्या दिवशी पडली होती. आता ती दोन वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात ताप आला तेव्हा पांढऱ्या पेशी १३,५०० आल्या. मोबाईलवर वाचून झोप उडाली आहे. सीडी १८ची तपासणी करून घेऊ का?
— एक आई, सातारा

उत्तर : नको. नाळ बहुतेकांची एक-दोन आठवड्यांत पडते, काहींची तिसऱ्यात. सारखं स्पिरिट लावलं तरी लांबते. शंका घ्यायची ती तीन-चार आठवड्यांच्या पुढं, आणि तेव्हाही बेंबी लाल आहे का, काऊंट केवढा आहे हे सोबत बघून. तापात १३,५०० हा दोन वर्षांच्या मुलीचा साधा काऊंट आहे. तुम्हीच लिहिलंय की गेल्या वर्षी गुडघा फुटला तेव्हा पिकला, पू निघाला आणि आठवड्यात खपली धरली. तिच्या पेशींना चांगलं उतरता येतं. ताप गेल्यावर काऊंट पुन्हा करायचीही गरज नाही.